१४ रात्री म्हणजे १४ रात्रीच

नमस्कार श्रोतेहो. लग्नसराई आली की माझ्या दवाखान्यात एकच विचारणा सुरू होते, 'डॉक्टर, घरच्या घरी दात पांढरे करायला किती दिवस लागतात?' अशा वेळी मी माझ्या भाचीची गोष्ट सांगते.

तिचं लग्न २० दिवसांवर आलेलं. मी तिच्या दातांच्या मापाचे ट्रे, म्हणजे दातांवर बसणारे पातळ साचे, करून दिले आणि त्यांत भरायला दात पांढरे करणारं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल दिलं. रोज रात्री झोपताना घालायचं, १४ रात्री. पाचव्या दिवशी आम्ही कोल्हापुरात महाद्वार रोडला साड्या घ्यायला गेलो. ऊन मी म्हणत होतं, म्हणून दूध कोल्ड्रिंक सांगितलं. पोरीनं एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी जबडा धरला. डोळ्यांत टचकन पाणी. तिथंच ट्यूबलाइटखाली तिचा ओठ वर करून बघितला, तर सुळ्यावरची हिरडी कडेनं सायीसारखी पांढरी पडलेली.

"किती वेळ लावत होतीस गं?"

"मावशी, रात्री बी लावलो, दुपारी बी लावलो. जेल बी जरा जादाच भरलो. म्हटलं, आठवड्यात काम हुईल."

आता ऐका, तिचं काय चुकलं. या जेलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि काही मिनिटांतच दाताच्या आत, नसेपर्यंत पोचतं. सणक येते ती त्यामुळं. पहिल्या दोन तासांत जेलचा जवळपास निम्मा जोर ओसरतो. रात्रीचं जेल पहाटेपर्यंत मंदावतं, मग दिवसभर दाताला विसावा. तिनं दुपारी पुन्हा ताजं जेल भरलं, विसावाच गेला. आणि जास्तीचं जेल ट्रेबाहेर येऊन हिरडी भाजली.

तीन दिवस सगळं बंद केलं. सणक कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट ट्रेमध्ये घालून रोज थोडा वेळ ठेवायला लावली. मग एक रात्र आड, एका दाताला तांदळाच्या दाण्याएवढंच जेल. हिरडी भरून आली, सणक गेली, आणि हळदीच्या दिवशी पोरगी मोकळेपणानं हसत होती.

म्हणून पुन्हा सांगते, रात्री मोजा, तास वाढवू नका. बहुतेकांना दोन आठवड्यांत दिसायचा तो फरक दिसतो. पुढं रंग फारसा उजळत नाही, सणक मात्र वाढू शकते. जास्त टक्क्यांच्या जेलनं सुरुवात झपाट्यानं होते, पण शेवटी रंग साधारण तिथंच येतो. तंबाखूनं आतपर्यंत मुरलेल्या डागांना मात्र एक ते तीन महिने लागतात, आणि लहानपणी टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक घेतल्यामुळं आलेल्या करड्या पट्ट्यांना सहा महिनेसुद्धा. तिथं घाई करूच नका.

मशेरीचं काळं आधी दवाखान्यात साफ करून घ्यावं लागतं. आणि मशेरी लावणाऱ्या माझ्या मावश्या-काकूंना हात जोडून सांगते, मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो. दात पांढरे नाही झाले तरी चालतील, ती डबी तेवढी टाका.

ट्रे चालू असेतोवर चहा कमी करा, तांबड्या रश्श्याऐवजी पांढरा रस्सा घ्या.

किडलेला दात असेल तर आधी तो भरून घ्या. गरोदर बायकांनी हे सध्या लांबणीवर टाकावं. पुढच्या दाताला कॅप असेल, तर तिचा रंग जेलनं बदलत नाही. जेल थांबवल्यावर रंग थोडा मागं येऊन स्थिरावतो, म्हणून नवी कॅप बसवायची तर त्यानंतर दोन आठवडे थांबून या, मग रंग जुळवून देता येतो. नमस्कार.