लक्ष, विसावा आणि पार्श्वध्वनी

श्रोतेहो, कामात मन लागण्यासाठी संपूर्ण शांतता हवी, हा समज अर्धाच खरा आहे. कान झोपेतही काम करत असतात आणि भोवतालच्या आवाजात बदल झाला की मेंदूला त्याची वर्दी देतात. म्हणूनच निःशब्द खोलीत दाराची साधी करकरही दचकवते, पण संततधार पावसात तीच करकर ऐकूही येत नाही. पार्श्वध्वनीचा उपयोग मुख्यतः एवढाच, की तो एकसारखा राहून अधूनमधून उमटणारे बारीकसारीक आवाज झाकून टाकतो.

झाकायला सर्वांत अवघड असते ते माणसाचे बोलणे. १९७६ साली कॉल आणि वेल्श या संशोधकांनी काही जणांना पडद्यावर दिसणारी अक्षरे क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली आणि त्याच वेळी त्यांना न समजणाऱ्या भाषेतील वाचन ऐकवले, तरीही त्यांच्या चुका वाढल्या. म्हणजे अर्थ न कळताही बोलणे अडथळा आणते. पुढील प्रयोगांतून असे दिसले की एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू आले तर त्रास कमी होतो, बदलत्या अक्षरांनी तो वाढतो. आणि अनेक माणसे एकदम बोलू लागली की सगळे आवाज एकमेकांत मिसळून त्रास पुन्हा कमी होतो. शेजारच्या दोघांच्या कुजबुजीपेक्षा गर्दीचा गलबला पुष्कळांना सुसह्य का वाटतो, हे यावरून लक्षात यावे. पाठांतर करताना शब्द असलेली गाणी लावू नयेत, असे माझे मत आहे. आवराआवर करताना ती खुशाल लावावीत.

पार्श्वध्वनी म्हणून लावायच्या एकसारख्या आवाजांचेही प्रकार आहेत. त्यांपैकी व्हाइट नॉइजमध्ये प्रत्येक हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) सारखीच ऊर्जा असल्यामुळे तो कानाला काहीसा खरखरीत लागतो. पिंक नॉइजची पातळी दर सप्तकामागे, म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होताना, सुमारे ३ डेसिबलने उतरते, ब्राउन नॉइजची ६ डेसिबलने, त्यामुळे हा शेवटचा दूरच्या धबधब्यासारखा घुमतो. विसाव्यासाठी बहुतेकांना असे खालच्या पट्टीतले आवाज बरे वाटतात. यांपैकी कोणताही प्रकार सर्वांना लागू पडेल असे मात्र नाही: २००७ च्या एका स्वीडिश अभ्यासात अवधानाची अडचण असलेल्या मुलांची कामगिरी व्हाइट नॉइजने सुधारली, तर इतर मुलांची घसरली.

आवाज किती ठेवावा, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. डेसिबलची मोजणी गुणाकाराने चढते आणि १० डेसिबल वाढले म्हणजे तीव्रता दसपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहासाठी सरासरी ३० डेसिबलची पातळी सांगितली आहे. झोपेसाठी रात्रभर असे आवाज काढणारे यंत्र लावणारे पुष्कळदा ती स्वतःच ओलांडतात. म्हणून यंत्र उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे, नको असलेला आवाज जेमतेम झाकला जाईल इतकेच वाढवावे आणि झोप लागल्यावर ते आपोआप बंद होईल अशी वेळ लावून ठेवावी.