पन्नाशी ओलांडलेली फियाट: कागदावर कुठे, रस्त्यावर कुठे

(दृश्य: कुर्ला, सीएसटी रोड. उघड्या बॉनेटांची रांग, वेल्डिंगच्या ठिणग्या. मागे लोकलचा आवाज.)

निवेदन:

मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि ऑक्टोबर २०२३ संपताना ती रस्त्यावरून उतरली. शहर हळहळलं, पेपरांत रकानेच्या रकाने आले. पण टॅक्सी गेली म्हणून पद्मिनी गेली असं नाही. पांढऱ्या पाटीची, खासगी मालकीची पद्मिनी गिरगावातल्या चाळीच्या अंगणात, पार्ल्याच्या एखाद्या सोसायटीत ताडपत्रीखाली अजून सापडते. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. विकवत नाही, भंगारात घालवत नाही. मग तिचा कागद जिवंत ठेवावा लागतो. तो कागद कोणता आणि त्याला पैसे किती, हे आज बघू.

(दृश्य: जुन्या फियाटचं डॅशबोर्ड. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर.)

ही गाडी मूळची कुर्ल्याचीच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. म्हणजे डिलाइट केव्हाच पन्नाशीपार गेली आणि सुरुवातीच्या पद्मिनीही आता त्याच रांगेत आल्यात. हा पन्नासचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण सरकारने रेघ तिथेच मारली आहे.

आधी साधा रस्ता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण: गाडी आरटीओत तपासणीला न्यायची, विमा आणि पीयूसी दाखवायचं, पर्यावरण कर भरायचा आणि वर शुल्क. २०२२ च्या एप्रिलपर्यंत मोटारीचं हे शुल्क ६०० रुपये होतं. ते एकदम ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढून १०,००० झालं. जुन्या गाड्या लोकांनी मोडीत काढाव्यात, हा त्यामागचा हेतू, आणि सरकारने तो लपवलेलाही नाही.

दुसरा रस्ता व्हिंटेजचा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यासाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट एकच, पण कडक: गाडी मूळ रूपात हवी. चासी (म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विम्याचा कागद आणि जुनं आरसी बुक, गाडी बाहेरून आणलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री. साठ दिवसांत प्रमाणपत्र मिळायला हवं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि पुढच्या नोंदणीला ५,०००.

(दृश्य: जुन्या काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तीन अक्षरी क्रमांक.)

नव्याने व्हिंटेज नोंदणी झालेल्या गाडीच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. मात्र आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. एमएच-०१, एमएच-०२ च्या आधीच्या काळातली तीन अक्षरी पाटी ज्याच्याकडे आहे, त्याला या एका वाक्याची किंमत विचारा. अशा माणसाला गाडीपेक्षा नंबर प्यारा असतो.

आता हिशेब. साध्या नूतनीकरणाने दहा वर्षांत दोनदा दहा हजार, म्हणजे वीस हजार. व्हिंटेजला एकदाच वीस हजार. पहिल्या दहा वर्षांपुरतं शुल्क अगदी सारखं! फरक पैशांत नाहीच, तो रस्त्यावर आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, धंद्यालाही नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याचसाठी ती बाहेर पडू शकते. म्हणजे रविवारी पहाटे घरच्यांना घेऊन वरळी सी फेसला चक्कर मारायची, तर नियमाच्या भाषेत हे काय? पेट्रोल भरायला निघालो होतो, असं म्हणावं लागेल. माझं मत विचाराल, तर ज्यांच्या घरची डिलाइट धडधाकट आहे आणि महिन्यातून चार वेळा बाहेर निघते, त्यांनी साधं नूतनीकरणच करावं. व्हिंटेजचा शिक्का मानाचा आहे, पण तो गाडीला बराचसा काचेच्या कपाटात ठेवतो.

परदेशी गाडीचं गणित मात्र उलटं. आयात केलेल्या मोटारीला वीस वर्षांनंतर नूतनीकरणाचं शुल्क ८०,००० रुपये आहे. दहा वर्षांत एक लाख साठ हजार. तिथे व्हिंटेजचे वीस हजार स्वस्तच पडतात. पन्नाशीपार गेलेली, बाहेरून आलेली मर्सिडीज किंवा जग्वार मुळातच रॅलीपुरती निघते, तिला रोजच्या रस्त्याची बंदी जाणवतही नाही. मुंबईत याला एक वेगळी गंमत आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तिथून शेव्हरोले बाहेर पडायच्या. नाव अमेरिकन, पण जोडणी शिवडीची. अशी गाडी घेताना जुन्या कागदांत ती आयात केलेली लिहिलीय की इथलीच, ते आधी वाचावं.

शिवाय व्हिंटेज म्हणजे किती जुनी, याचं उत्तर खिडकीगणिक बदलतं. नोंदणीच्या नियमात पन्नास वर्षं. विम्याच्या जुन्या दरपत्रकात १९४० अखेरपर्यंत बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली. अशा गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट. आयातीच्या धोरणात कित्येक वर्षं १९५० च्या आधीची. त्यामुळे १९६८ ची डिलाइट आरटीओत व्हिंटेज ठरते आणि त्या दरपत्रकापुढे नुसती जुनी गाडी.

(दृश्य: पुन्हा गॅरेज. कापलेलं छत, रुंद टायर, अर्धवट रंगवलेली बॉडी.)

आता तिसरी जमात. फियाटचं छत कापून उघडी केलेली, जिपेला दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन बसवलेलं, जुन्या बॉडीखाली नवी चासी घातलेली. हात कसबी आहेत, यात वाद नाही. पत्रा ठोकून मूळ वळण परत आणणारे मिस्त्री या शहरात अजून आहेत, आणि नेमका सुटा भाग हवा असेल तर लोक चोर बाजारही पालथा घालतात. पण अशा गाडीसाठी आपल्याकडे नोंदणीचा वेगळा वर्गच नाही. शुल्क किती, हा प्रश्नच उद्भवत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळ उच्च न्यायालयाने याचा सैल अर्थ लावला होता. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला: रंग बदलणं, किरकोळ वस्तू बसवणं ठीक, पण गाडीची रचना बदलता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. दर बदलामागे, हे शब्द नीट ऐका. छत, इंजिन आणि चासी, हे तीन बदल झाले.

सूट आहे ती मोजक्या गोष्टींना. मंजूर सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करता येते. इंजिन निकामी झालं तर परवानगीने त्याच जातीचं दुसरं बसवता येतं. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करता येतात. आणि एखाद्याने अगदी नवीच गाडी घडवली, तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्यांतून पास करून घ्यायचा, म्हणजे थेट उत्पादक व्हायचं. एका गाडीसाठी हे कुणाला परवडणार?

बाहेर वेगळी वाट आहे. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाड्यांना धूर-चाचणीच्या नियमांत दरवर्षी पाचशे जणांपुरती सवलत मिळते, त्यासाठी रांग लागते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला रस्ता कर माफ होतो आणि ती रोज चालवता येते. आपण चाळीसऐवजी पन्नास धरले, आणि वर घरी बसवली. छत कापलेली फियाट पकडावी, हे पटतं. त्या गाडीचे ब्रेक कुणी तपासले, कुणालाच माहीत नसतं. पण तपासून पास करायची खिडकीच नाही, म्हणून असे बदल कागदाबाहेर राहतात आणि गाडी आरसीवर वर्षानुवर्षं 'मूळ'च दिसत राहते.

(दृश्य: चासीवर कोरलेला क्रमांक, त्यावर टॉर्चचा झोत.)

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने रंग आणि क्रोम नंतर बघावा. आधी बॉनेट उघडून चासी आणि इंजिनचा क्रमांक आरसीशी ताडून घ्यावा. आकडे घासलेले किंवा नव्याने ठोकलेले दिसले, तर चहा पिऊन परत यावं. गिअर स्टिअरिंगवरून खाली जमिनीवर आणलाय का, इंजिन कधी बदललं आणि त्याची नोंद झाली का, हेही विचारावं, कारण व्हिंटेजचा अर्ज करायचा म्हटलं की हेच प्रश्न पुढे येतात. मग आरसीची मुदत. ती संपून गेली असेल तर उशिराचे दरमहा ५०० रुपये लागतात. दहा वर्षं ताडपत्रीखाली झोपलेल्या मोटारीचे साठ हजार झाले. मूळ मालक वारला असेल, तर वारसाच्या नावावर गाडी आधी चढवून घ्या आणि ते काम विकणाऱ्याकडूनच पूर्ण करून घ्या, पैसे त्यानंतर द्या.