गोळी, १४ महिने आणि अडीच सेंटिमीटर

(दृश्य : शाळेतून परत आलेला डबा. पोळी-भाजी तशीच.)

एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा या विकारासाठी, मेथिलफेनिडेटची गोळी सुरू झाली की आईची पहिली तक्रार बहुधा डब्याची असते. दुपारी पोराला भूकच लागत नाही. संध्याकाळी गोळीचा असर उतरला की मग स्वयंपाकघरात घिरट्या सुरू. हे डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. खरा प्रश्न पुढचा आहे : अशी दहा वर्षं गेली तर?

१९९० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातली ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं एका अभ्यासात घेतली गेली. कुणाला कोणता उपचार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. उपचार चालले १४ महिने. १९९९ मध्ये निकाल आला : काटेकोर देखरेखीखाली गोळी घेणाऱ्यांची चंचलता नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त कमी झाली होती.

बहुतेक औषधांच्या चाचण्या एवढ्याही लांबत नाहीत. इथे मात्र संशोधकांनी मुलांचा पिच्छा सोडला नाही, आणि म्हणूनच हा अभ्यास मोलाचा.

(दृश्य : भिंतीवरची उंची मोजायची पट्टी.)

तीन वर्षांनी पाहिलं, तर गटागटांतला फरक पुसला गेला होता. मुलं पंचविशीत आली तेव्हा वर्षानुवर्षं औषध घेतलेल्यांची उंची, जवळपास न घेतलेल्यांपेक्षा, सरासरी अडीच सेंटिमीटर कमी भरली. विकाराची लक्षणं मात्र न घेतलेल्यांपेक्षा कमी नव्हती.

म्हणजे गोळी फुकट गेली? इतक्यात नाही. १४ महिन्यांनंतर गोळी कुणी घ्यायची, हे चिठ्ठीने नव्हे, घराघरांत ठरत होतं. ज्याचा त्रास मोठा, तोच ती चालू ठेवणार. त्यामुळे लक्षणांची तुलना कच्ची राहते. उंचीचा आकडा इतक्या सहज झटकता येत नाही. आणि वर्गात रोज बोलणी खाणाऱ्या, रस्त्यावर न बघता धावणाऱ्या पोरासाठी एक इंच ही फार मोठी किंमत आहे का? काही घरांत नाही. पण ती किंमत आईवडिलांना सुरुवातीलाच सांगायला हवी.

गोळी चालू असलेल्या मुलाची उंची, वजन, नाडी, रक्तदाब नियमित मोजायचा. उंची निदान दर सहा महिन्यांनी, आणि ती वाढीच्या तक्त्यावर मांडायची. रेघ खाली झुकू लागली, तर डॉक्टर शाळेच्या सुट्टीत गोळी थांबवून पाहू शकतात. घरच्या घरी, परस्पर मात्र नाही.