हिरवी काकणं

(दृश्य: कोल्हापूर, शुक्रवार पेठेतलं एक स्वयंपाकघर. कट्ट्यावर मोबाईलचा स्टँड. खोबऱ्याचं वाटण काढणारे हात, हातात हिरवी काकणं.)

या फिल्ममध्ये आक्कांचा चेहरा दिसणार नाही. ही त्यांचीच अट. "माझ्या चॅनलवर मी दिसतोच की. तुमच्या फिल्मखाली कोण काय लिवंल, त्याला उत्तरं देत मी बसणार न्हाई." पहिल्याच भेटीत त्यांनी हे सांगून टाकलं.

आक्का रेसिपीचे व्हिडिओ करतात. तांबडा-पांढरा, आख्खा मसूर, खर्डा. यजमान गेले तेव्हा सगळं बंद पडलं. काही महिन्यांनी सुनेनं पुन्हा स्टँड लावून दिला. त्या व्हिडिओत आक्कांच्या कपाळाला टिकली होती आणि हातात ही काकणं. रस्सा फक्कड जमला होता. खाली पहिली ओळ आली:

"नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि काकणं भरून बसली. लाज कशी वाटत नाही?"

मग त्याखाली आणखी ओळी जमत गेल्या. कुणी रंगावर बोललं, कुणी सुनेला मध्ये ओढलं. रश्श्याबद्दल चकार शब्द नाही.

(दृश्य: महाद्वार रोड, काकणांची दुकानं.)

करवीर संस्थानात शाहू महाराजांनी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तो १९१७ साली. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला: पती वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, काकणं फोडायची नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आक्कांना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सून म्हणाली, काढून टाकू. लेक तावातावानं उत्तर लिहायला बसला. आक्कांनी त्याच्या हातातून मोबाईल घेतला. "आज काय लिवायचं न्हाई. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी आवरल्यावर, त्यांनी सुनेला सांगून लिहवून घेतलं:

"ताई, काकणं मी माझ्या आवडीनं भरल्यात. तुम्हाला का लागलं, ते मला ठाऊक न्हाई. रश्श्याचं काय बी विचारा, सांगतो. माझ्या कपाळावर आणि घरच्या माणसांवर हितं बोललेलं चालणार न्हाई. परत लिवलं तर काढून टाकणार."

या उत्तरापाशी थोडं थांबायला हवं. समोर प्रोफाइलला नुसतं गुलाबाचं फूल. बाई की बाप्या, कळायला मार्ग नाही. तरी 'ताई' म्हटलं. माफी मागितली नाही. काकणं का भरली याचा खुलासा केला नाही, कारण खुलासा दिला की समोरचा त्यावरही फाटे फोडतो. गेलेल्या माणसाला मध्ये आणलं नाही. आपल्या बाजूच्या लोकांना तुटून पडा असं सांगितलं नाही. आणि ताकीद दिली ती पाळली. त्याच फुलाची दुसरी ओळ आली, ती त्याच संध्याकाळी काढली.

राग आला नाही का, असं आम्ही विचारलं. आक्का वाटण काढता काढता बोलल्या.

"आला की. पर माझ्या सासूची काकणं माझ्यादेखत फोडली हुती. चुलत सासवांनीच. त्या काय वाईट बायका न्हवत्या. त्यांची बी तशीच फोडली हुती."

मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली एका लेखात मांडलं होतं की, नाव झाकलेलं असलं आणि समोरच्याचा चेहरा दिसत नसला की माणसाच्या जिभेवरचा लगाम सुटतो. समोरासमोर, आक्कांच्या दारात उभं राहून, ती ओळ बहुधा कुणी उच्चारली नसती.

पण कळवळा म्हणजे मुकाट सोसणं, ही समजूत बायकांच्या गळी पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेली आहे. आम्हाला ती मान्य नाही, आक्कांनाही नाही.

इनबॉक्समध्ये घाण मेसेज येतात, त्यांना 'ताई-दादा' नाही, उत्तरही नाही. सून आधी स्क्रीनशॉट घेते: खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ. मगच ब्लॉक. आधी ब्लॉक केलं की पुरावा शोधताना नाकीनऊ येतात. स्त्रीच्या विनयशीलतेचा शब्दांनी अपमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे; ३ वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते, नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, हेही लक्षात ठेवा.

(दृश्य: दुधाच्या हिशेबाची वही, मागचं पान.)

ही सुनेची यादी. यूट्यूबवर ठरावीक शब्द आधीच अडवून ठेवता येतात. ते असलेली कमेंट तपासल्याशिवाय दिसत नाही. पण मराठी शिवी लोक इंग्रजी अक्षरांतही लिहितात, त्यामुळे शिवी एकच, स्पेलिंगं दहा. नवं स्पेलिंग दिसलं की सून ते इथं टिपते. आक्का ही वही उघडत नाहीत. कमेंट आधी सून वाचते, मग निवडक आक्कांना वाचून दाखवते. आम्हाला या घरातली ही सोय सगळ्यांत मोलाची वाटली, कारण वार एकटीवर झाला तरी तो झेलायला दोघी आहेत.

चटणी कमी पडली म्हणणारा एकजण तांबड्या रश्श्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली असतो. कधी कधी फार लागट लिहितो. त्याची एकही ओळ आक्कांनी काढलेली नाही. परवा त्याला उत्तर दिलं:

"व्हय दादा, नातवंडांसाठी कमी घातली हुती. तुम्ही फोडणीत आणि एक चमचा वाढवा. पर गॅस बारीक ठेवा, न्हाईतर चटणी करपती."