तीन मीटरची वाट

नमस्कार श्रोतेहो.

माझं धावणं सुरू झालं ते रत्नागिरीला, भाट्याच्या वाळूत. तिथे धावायचं तर घड्याळाआधी तिथी बघावी लागते. ओहोटी असली की ओली, घट्ट, फरशीसारखी वाळू मिळते. भरती असली की सुरूच्या बनाखालच्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात. तर ही सवय घेऊन मी कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये गेले. ऑफिस होतं सोफिया अँतिपोलिसला, म्हणजे तिकडचं हिंजवडी म्हणा. राहायला नीस. पहिल्याच आठवड्यात इमारतीतल्या एका आजींना मी विचारलं, इथे ओहोटी किती वाजता असते? आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पुण्यात बोटीचं वेळापत्रक मागितलं.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. जिब्राल्टरची सामुद्रधुनी अगदी चिंचोळ्या जागी १४ किलोमीटर रुंद आहे, अटलांटिकचं उधाण तिच्यातून आत शिरेपर्यंत त्यातला जोर संपतो. मुंबईला अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, नीसला वीतभर. तिथी बघायचं कामच नाही. पण मग वाळूही नाही! नीसचा किनारा म्हणजे गोट्यांचा किनारा. करडे, गुळगुळीत, मुठीएवढे गोटे. त्यावर चालतानासुद्धा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, धावायची गोष्टच सोडा.

म्हणून सगळं नीस धावतं ते किनाऱ्याच्या वर बांधलेल्या रस्त्यावरून. त्याचं नाव प्रोमनाद देझांग्ले, म्हणजे इंग्रजांचा फिरायचा रस्ता. विमानतळापासून जुन्या गावाच्या टेकडीपर्यंत सुमारे सात किलोमीटर, एका बाजूला निळाशार उपसागर, दुसऱ्या बाजूला हॉटेलांची रांग, अधूनमधून निळ्या खुर्च्या. हा रस्ता कसा झाला, ते कळल्यापासून माझं त्यावरचं धावणं बदललं. १८२० च्या दशकात श्रीमंत इंग्रज हिवाळा काढायला नीसला येत. त्यात एक वर्ष अशी कडाक्याची थंडी पडली की संत्र्याच्या बागा जळाल्या आणि मजुरांच्या हातचं काम गेलं. लुईस वे नावाच्या इंग्रज पाद्र्याने आपल्या लोकांकडून पैसे गोळा केले आणि या मजुरांना समुद्रालगत पायवाट बांधायच्या कामाला लावलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ते दुष्काळी काम! बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

या रस्त्याच्या सपाटीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नोव्हेंबरात इथूनच मॅरेथॉन सुटते आणि अँतिबवरून कान शहरात पोहोचते. सायकलींची पट्टी वेगळी आहे, त्या पट्टीत शिरलात तर मागून जे शब्द ऐकू येतील ते शब्दकोशात सापडायचे नाहीत. एकच सांगते. १४ जुलै २०१६ च्या रात्री याच रस्त्यावर, आतषबाजी बघायला जमलेल्या गर्दीत ट्रक घातला गेला आणि ८६ माणसं गेली. आता कडेला खांब आहेत. त्या टप्प्यात माझा वेग आपोआप कमी व्हायचा.

मला मुळात सांगायचंय ते पुढच्या वाटेचं. टेकडीला वळसा घालून, बंदर ओलांडून पूर्वेकडे निघालं की डांबर संपतं आणि किनाऱ्याची खरी वाट सुरू होते. तिला जुन्या लोकांत जकातदारांची वाट म्हणतात. चोरटा माल उतरवणाऱ्या होड्यांवर नजर ठेवायला शिपाई या कड्यांवरून रात्री-बेरात्री गस्त घालत. पुढे समुद्रकाठ महाग झाला, बंगले आले, कुंपणं आली. मग १९७६ च्या शेवटच्या दिवशी फ्रान्सने कायदा केला, की समुद्राला लागून असलेल्या खाजगी जमिनीतून तीन मीटर रुंदीची पट्टी पायी जाणाऱ्यांसाठी मोकळी राहील. जमीन तुमची, पण वाट सगळ्यांची.

हे तीन मीटर म्हणजे काय, ते काप फेराला कळतं. व्हिलफ्रान्श आणि बोलिओ या दोन गावांमधे समुद्रात घुसलेलं हे टोक. जगातल्या सगळ्यात महागड्या जागांमधे याचं नाव घेतात. बेल्जियमच्या राजाने इथे जमिनी घेतल्या होत्या, रोथशिल्ड या बँकवाल्या घराण्यातल्या लेकीने गुलाबी महाल बांधला. आणि या सगळ्यांच्या परसातून, अगदी पाण्याच्या काठाने, सहाएक किलोमीटरची वाट जाते. त्या वाटेवर घामाने निथळणारी रत्नागिरीची बाई चालली तरी तिला कोणी अडवू शकत नाही. डावीकडे उंच भिंत, भिंतीवर कॅमेरा, आणि उजवीकडे पांढऱ्या चुनखडीवर आपटणारं पाणी. (वादळ असलं की वाटेचं फाटक बंद करतात, तेव्हा मुकाट्याने मागे फिरायचं. लाट वाटेवर येते.) आपल्याकडे समुद्रालगत बंगला झाला की पहिली भिंत समुद्राच्या अंगाला उभी राहते, हा माझा लहानपणापासूनचा अनुभव. त्यामुळे काप फेराला मी कधी वेगाने धावले नाही. हक्काची वाट पुरवून पुरवून वापरायची!

आता डोंगर. इथे आल्प्स अक्षरशः समुद्रात पाय सोडून बसलेत. नीसहून पूर्वेला तीन रस्ते एकावर एक जातात, खालचा, मधला आणि वरचा. वरचा नेपोलियनने बांधवला, तोही साधारण रोमन वाटेच्या मागानेच. या तिन्हींना काटत सरळ वर चढणाऱ्या पायवाटा आहेत, आणि त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे एझ स्टेशनवरून एझ गावात जाणारी. जर्मन तत्त्वज्ञ नित्शे याने १८८३ पासून काही हिवाळे नीसमधे काढले. डोकेदुखीने बेजार, डोळे अधू, पण माणूस चालायला खंबीर. आपल्या एका पुस्तकाच्या तिसऱ्या भागातला महत्त्वाचा मजकूर हीच वाट चढताना सुचला, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आता वाटेला त्याचंच नाव आहे.

मला ती चढताना काही सुचलं नाही. दोन-सव्वादोन किलोमीटरमधे चारशे मीटरची चढण. सिंहगड चढलेल्या माणसाला वाटतं, त्यात काय! मी जूनमधे, सकाळी दहा वाजता, अर्ध्या लिटरची एकच बाटली घेऊन निघाले. खालच्या टप्प्यात पाइनची सावली होती, नंतर तीही संपली. पांढरा चुनखडीचा दगड खालून तापतो आणि ऊन वरून. सिकाडा नावाचे किडे असे किर्र करतात, की तापलेला डोंगरच कढतोय असं वाटतं. अर्ध्या वाटेत बाटली रिकामी. सिंहगडावर अशा वेळी काय होतं? वळणावर एक मावशी बसलेली असते, तिच्याकडे लिंबू सरबत असतं, मडक्यातलं दही असतं, मीठ लावलेली काकडी असते. इथे चिटपाखरू नव्हतं. वरून उतरणारे एक म्हातारे गृहस्थ मात्र माझी अवस्था बघून थांबले, टोपीला हात लावला आणि म्हणाले, ‘बाँ कुराज!’ म्हणजे, धीर धरा. चढणीवर धावणाऱ्या प्रत्येकाला तिथे हे म्हणतात. त्या क्षणी मला धीर नको होता, पाणी हवं होतं.

वर पोहोचले तर वेशीजवळ एक नळ दिसला. धावले. नळावर पाटी: ‘ओ नाँ पोताब्ल’, पिण्याचं पाणी नव्हे. दुकानात बाटली घेतली, तिची किंमत मी घरी अजून सांगितलेली नाही. तेव्हापासून डोंगरातल्या प्रत्येक गावातला पिण्याच्या पाण्याचा नळ मी नकाशात टिपून ठेवला. बहुतेक गावांत चौकात एखादं दगडी कुंड असतं आणि त्यात बारीक धार चालू असते, पण ओंजळ भरण्याआधी पाटी वाचायची.

ही गावं एवढ्या उंच का? आपल्याकडे गडावर राजा, किल्लेदार, शिबंदी, आणि कुणबी पायथ्याला. इथे उलटं. शेतकरीच वर राहायचा आणि शेतीला खाली उतरायचा. कारण किनाऱ्यावर चाचे यायचे, माणसं पकडून न्यायचे. १५४३ साली बार्बारोसाच्या तुर्की आरमाराने फ्रेंचांच्या जोडीने नीसला वेढा घातला होता, तेव्हा नीस फ्रान्सचं नव्हतं. ते कायमचं फ्रान्समधे आलं १८६० मधे. तर घरं कड्यावर, एकमेकांना पाठ लावून, बाहेरच्या भिंतीच तटबंदी. आणि उतारावर बिनचुन्याच्या दगडी बांधांची पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, त्यात ऑलिव्ह.

या गावांना जोडणाऱ्या वाटा खेचरांच्या. उभे दगड ठोकून फरसबंदी केलेली, आणि पायऱ्या रुंद पण बुटक्या. अशा पायरीला फ्रेंचमधे ‘पा दान’ म्हणतात, म्हणजे गाढवाचं पाऊल. आपल्या दानाशी त्याचा संबंध नाही. गंमत अशी, की ही पायरी माणसाच्या पावलाला कधीच बसत नाही. एक ढांग टाकली तर अपुरी पडते, दोन टाकल्या तर जास्त होतात. चढताना प्रत्येक वेळी तोच पाय आधी वर जातो आणि पाचशे मीटरनंतर एकाच बाजूची पोटरी बोलायला लागते. माझं मत असं, की इथे धावायचं असेल तर आधी गाढवाचा ताल शिकावा. छोटी दोन पावलं, एक लांब, परत छोटी दोन. ताल सापडला की पाय मोजणं थांबतं.

एझहून आणखी वर ला त्युर्बी. तिथे सम्राट ऑगस्टसने इसवीसनापूर्वी ६ मधे आल्प्समधल्या टोळ्या जिंकल्याचं स्मारक उभारलं. हरलेल्या ४५ टोळ्यांची नावं दगडात कोरलीत. मूळचं पन्नासेक मीटर उंच, आता पस्तीस उरलंय, बाकीचा दगड गावकऱ्यांच्या घरांत गेला. २०२४ मधे ऑलिम्पिकमुळे तूर द फ्रान्सची सायकल शर्यत पहिल्यांदाच पॅरिसबाहेर संपली, तेव्हा शेवटच्या दिवशी सायकलस्वार मोनॅकोहून याच गावावरून नीसला उतरले. रविवारी इथल्या डांबरी रस्त्यावर म्हणूनच धावू नये, प्रत्येक सायकलवाल्याला आपण तूरमधे आहोत असं वाटत असतं.

वाटा चुकण्याची भीती बाळगू नका. चौकाचौकांत आकडे घातलेले लाकडी खांब आहेत. दगडावर रंगाच्या पट्ट्या असतात, पांढरी-लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळी म्हणजे गावची. आणि पट्ट्यांची फुली दिसली की तिकडे जायचं नाही. भर उन्हाळ्यात मात्र डोंगर टाळाच, एक तर ऊन आणि दुसरं म्हणजे वणवे. ऑक्टोबर ते मे उत्तम.

खाली उतरून मोनॅको. हा देश मी एका दमात, पाणी न पिता ओलांडलाय. त्यात फुशारकी काही नाही, देशच जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. चढ आला तर सार्वजनिक लिफ्ट आहेत, त्या मी वापरल्या की नाही हे विचारू नका.

मोनॅकोपलीकडे काप मार्तँ, आणि तिथल्या किनाऱ्याच्या वाटेला नाव आहे ल कोर्बुझिएचं. हो, आपलं चंदीगड आखणारा वास्तुविशारद. १९५१ च्या सुमारास तो पंजाबसाठी अख्खी राजधानी आखत होता, आणि त्याच वेळी स्वतःसाठी या वाटेच्या कडेला एक लाकडी झोपडी आखत होता. ३.६६ मीटर लांब, ३.६६ मीटर रुंद. आपल्या मापात बारा बाय बारा! गिरगावातल्या चाळीची खोली म्हणा ना. त्यात पलंग, टेबल, कपाट, आणि खिडकीतून समुद्र. १९६५ च्या ऑगस्टमधे तो याच झोपडीखालच्या पाण्यात पोहायला उतरला आणि परत आला नाही. वर रोकब्रूनच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. झोपडीबाहेर मी दर वेळी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने थांबायचे. माझे आजोबा अशाच एका खोलीत सात माणसांचा संसार करत, पण त्यांना समुद्र दिसत नव्हता.

त्यापुढे माँताँ आणि त्याच्या डोक्यावर साडेसातशे मीटरच्या आसपास टांगलेलं सँतान्येस गाव. तिथे मी एकदाच गेले. चढले चांगली, उतरताना गुडघ्यांनी हात टेकले.

परतीला आगगाडी. माँताँ ते नीस सुमारे चाळीस मिनिटं. जुन्या नीसमधे सोका मिळतो, चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेला, वरून मिरपूड. बेसनाचं धिरडंच ते, फक्त कडेला करपलेलं. कागदावर घेऊन उभ्याने, बोटं भाजत खायचं. तेवढ्यासाठी मी कितीदा गाडी गाठली आहे.

शेवटच्या रविवारी मी अशीच परत येत होते. ही गाडी सारखी बोगद्यांत शिरते, दोन बोगद्यांच्या मधे समुद्र चमकतो आणि जातो. एझ स्टेशन आलं. दारातून एक तरुण उतरला, नवे कोरे शूज, कानात गाणी. रस्त्यापलीकडे नित्शेच्या वाटेची पाटी होती, ती त्याने वाचली, मान वर करून डोंगराकडे पाहिलं आणि हसला. हातात अर्ध्या लिटरची एकच बाटली. मी खिडकीवर टकटक केली, पण गाडी सुटली होती.