नंबर जिता आहे का?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. बाहेर भुरभुर पाऊस, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि जर्मनीहून माझ्या पुतण्याचा फोन आला. "आत्या, माझा नंबर गेला."

मी म्हटलं, "गेला म्हणजे? त्याच नंबरवरून तर बोललालास की!"

"हे व्हॉट्सॲप आहे, आत्या. नंबर कवाच मेलाय."

मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. ट्रंक कॉल जोडले, लोकांची भांडणं नि मुलामुलींची लग्नं कानात हेडफोन घालून ऐकली. पण फोन चालू आणि नंबर मेलेला, हे मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या काळी नंबर घराच्या भिंतीतून आलेल्या तारेला बांधलेला असायचा. माणूस पुण्या-मुंबईला जावो, नंबर आपला माजघरात. मोबाइलचा नंबर तसा नाही. तो रोजच्या दिव्यासारखा आहे, तेल घालत राहावं लागतं. घरात कुणाचं ना कुणाचं पोर बाहेरदेशी असलेली कुटुंबं आता आपल्या लातूर, नांदेड, परभणीकडं कमी नाहीत, म्हणून आज हा विषय घेतलाय.

पुतण्याचं झालं असं. जाताना त्यानं इथलं सिम पाकिटात टाकून नेलं आणि तिथलं नवं सिम घातलं. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहिलं. रोज आईचा व्हिडिओ कॉल, रोज भावकीच्या ग्रुपवर शुभ सकाळ. त्यामुळं नंबर मेल्याचा कुणाला पत्ताच नाही. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून ते आधारच्या ओटीपीनं पक्कं करायला गेला, तेव्हा ओटीपी येईना. बँकेत शिरायला गेला, तिथंही तेच. मग कंपनीचं ॲप उघडलं, तर ॲप म्हणतं, आत यायचं असेल तर त्याच नंबरवर आलेला ओटीपी टाका. कुलपाची किल्ली कुलपातच! तक्रारीचा १९८ जर्मनीतून लागेना. ईमेल केला, तर चार दिवसांनी उत्तर आलं की कृपया जवळच्या स्टोअरला भेट द्या. सगळ्यात जवळचं स्टोअर लातूरला.

आता प्रीपेड नंबर मरतो कसा, ते सांगते, कारण तो एका दमात मरत नाही. प्लॅन संपला की आधी आपला बाहेर जाणारा फोन बंद होतो. काही दिवसांनी येणाराही. किती दिवसांनी, ते कंपनीगणिक वेगळं. तरी नंबर आपलाच असतो. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमाप्रमाणं ९० दिवस काहीच वापर नसेल, तरच कंपनीला तो बंद करता येतो. वापर म्हणजे काय, तर फोन येणं किंवा जाणं, आपण पाठवलेला एसएमएस, इंटरनेट. शिवाय मोबाइलच्या खात्यात २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखायची सोय नियमातच आहे. पण इथं मेख आहे. आपण जे महिन्याचे, तीन महिन्यांचे पॅक मारतो, त्यातला रुपयाही मुख्य शिल्लकीत जमा होत नाही. हजाराचं रिचार्ज मारणाऱ्याच्या खात्यातही शिल्लक शून्य असू शकते. म्हणून पॅक वेगळा आणि टॉपअप, म्हणजे नुसती शिल्लक वाढवणारं रिचार्ज, वेगळा. पोराच्या नंबरवर निदान वीस रुपये शिल्लक राहील एवढा टॉपअप मारून ठेवा.

नंबर बंद झाल्यावरही १५ दिवसांची सवलत असते. तेवढ्यात धावलात तर तोच नंबर परत चालू करून मिळतो. त्यानंतर मात्र दोरी तुटली. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या गिऱ्हाइकाला देत नाहीत, असं ट्रायनं २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे. ते दिवस सरले की तुमचा नंबर कुणाच्याही खिशात वाजू शकतो.

आमच्या घरातल्या थोरल्यांची समजूत निराळीच होती. माझे दीर म्हणाले, "आपलं सिम लाइफटाइमचं आहे, मी पैसे भरलेत." बरोबर आहे, २००५-०६ च्या सुमाराला तशा योजना निघाल्या होत्या. पण ते लाइफटाइम आपलं नव्हतं हो, कंपनीच्या परवान्याचं होतं. तेव्हाच्या किती कंपन्या आज उरल्यात, ते तुम्हीच मोजा.

आता पुतण्याच्या नंबरकडं येते. मी पहिला प्रश्न विचारला, "सिम कुणाच्या नावावर आहे?" तो गप्प. मग आठवलं. अकरावीच्या ट्यूशनसाठी लातूरला ठेवला, तेव्हा मामानं घेऊन दिलेलं सिम. इतकी वर्षं झाली, पोरगं इंजिनिअर झालं, परदेशी गेलं, सिम मामाच्याच नावावर! एरवी मी रागावले असते. दुसऱ्याच्या नावावरचं सिम वापरणं बरं नव्हेच. पण या खेपेला त्यानंच वाचवलं. कारण हरवलेल्या किंवा बंद पडलेल्या नंबराचं नवं सिम काढायला नावाचा मालक समोर लागतो. अंगठा त्याचा, फोटो त्याचा. मामा इथंच होते.

मामा आधी चौकातल्या टपरीवर गेले. टपरीवाला म्हणाला, "मामा, कशाला त्या जुन्याच्या मागं लागता? नवं घ्या, फुकट आहे." त्याचा दोष नाही. त्याला काय ठाऊक, त्या दहा आकड्यांना पोराचं आधार, बँक, पॅन सगळं लटकलंय. मग मामांना कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये पाठवलं, आधारचं मूळ कार्ड घेऊन. सुदैवानं दिवस भरलेले नव्हते. तासाभरात त्याच नंबराचं नवं सिम हातात आलं. ते चालू झाल्यावरही पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. तुमच्या नकळत कुणी तुमचं सिम काढून बँक धुऊन नेऊ नये, म्हणून ठेवलेला हा थांबा आहे. मामांना वाटलं सिम बिघडलं, ते संध्याकाळी परत दुकानात जाऊन भांडून आले.

दुसरी गोष्ट लहान आहे आणि तिचा शेवट गोड नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा आखातात गवंडीकामाला आहे. त्याच्या नंबरचं रिचार्ज सात-आठ महिने राहून गेलं. आईनं एक दिवस सहज तो नंबर लावला, तर भलत्याच बाईनं उचलला. ती बिचारी म्हणाली, "मावशी, हा माझा नंबर आहे, मी दुकानातून रीतसर घेतलाय." तिचं खरंच होतं. अशा वेळी नंबर परत मागत बसू नये, मिळत नाही. त्यापेक्षा त्याच दिवशी बँकेला कळवून तो नंबर खात्यावरून काढून टाकायचा. व्हॉट्सॲप अजून उघडत असेल, तर त्यात नंबर बदलायची सोय आहे, तिथं तिकडचा नंबर टाकून घ्यायचा. कारण नव्या मालकानं त्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू केलं की तुमचं बंद पडतं.

बाहेरदेशी राहणाऱ्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांसाठीचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं, तसा परकीय चलनाचा नियमच आहे. ते करायला जाल तेव्हा विचारा, बऱ्याच बँका अशा खात्याला परदेशातला नंबर जोडून देतात. यूपीआयलाही २०२३ साली दहा देशांचे नंबर चालवायला परवानगी मिळाली. त्यात अमिराती, सौदी, कतार, ओमान होते, म्हणजे आपल्याकडचे गवंडी, सुतार, ड्रायव्हर जातात ते बरेचसे देश आले. जर्मनी त्या पहिल्या दहात नव्हता. पुतण्या यावर अजून चिडलेला आहे.

ज्यांचं पोर अजून निघायचंय, त्यांनी तिकिटाच्या आधी हे पाहा. सिम पोराच्या स्वतःच्या नावावर करून घ्या. सरकारच्या दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, तेही एकदा बघा. रोमिंग इथूनच चालू करून ठेवा, म्हणजे तिकडं ओटीपी येईल. मात्र फोनमधलं रोमिंगचं इंटरनेट बंद ठेवायला सांगा. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच बसणारं सिम, करायचं तर तेही इथं असतानाच. आणि रिचार्ज कुणीही मारू शकतं, त्याला ओटीपी लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात नंबर सांगितला की झालं.

बरेच जण सिम आईपाशी साध्या बटणाच्या फोनमध्ये ठेवून जातात आणि ओटीपी आला की फोनवर विचारून घेतात. मला हे पटत नाही, स्पष्ट सांगते. ओटीपी कुणाला सांगू नको, असं एका बाजूनं आईला बजवायचं आणि दुसऱ्या बाजूनं तिलाच रोज ओटीपी वाचायला लावायचा. उद्या कुणी भामटा "काकू, मी तुमच्या मुलाचा मित्र बोलतोय" म्हणाला, तर ती सवयीनं वाचून दाखवणार. सिम आईकडंच ठेवणार असाल, तर आपसात एक खुणेचा शब्द ठरवा. आणि फसलातच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका.

पण माझं ऐकतंय कोण! पुतण्याचं नवं सिम शेवटी वहिनींकडंच आलं. देवघराच्या फळीवर बटणाचा फोन आहे, कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रिचार्जची तारीख लिहिलीय. ओटीपी विचारण्याआधी पोरानं लहानपणीच्या बैलाचं नाव सांगायचं, हे ठरलंय. आणि नंबर वापरात राहावा म्हणून दर एकादशीला वहिनी आपल्या फोनवरून त्या फोनला रिंग देतात, दुसऱ्या हातानं तो उचलतात, दोन्ही कानांना दोन फोन लावतात आणि म्हणतात, "हॅलो, कोण बोललालंय?"