पाण्यातलं धावणं

नमस्कार श्रोतेहो.

आज घरात मासळी आली असेल तर एक बांगडा हातात घ्या. पोट खाली, पाठ वर, असा धरा. शेपटी उभी दिसेल, दाराच्या फळीसारखी. सुरमईची तशीच, पापलेटचीही तशीच. ही उभी शेपटी डावीउजवीकडे मारत मासा पुढे सरकतो. डॉल्फिनची शेपटी मात्र आडवी असते, आणि ती वरखाली चालते. माशाची उभी, डॉल्फिनची आडवी. बाकी सगळं या एका फरकातून निघतं.

हा फरक मला कळला तो दापोलीजवळच्या मुरूडच्या किनाऱ्यावर. डिसेंबरातली सकाळ होती. नऊ वर्षांची भाची बरोबर होती. होडीचे तांडेल साठी ओलांडलेले. थोडं आत गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आता बोलू नका, कान द्या." मला त्यांची ही रीत फार आवडली. डॉल्फिनच्या मागे इंजिन रेटत होडी पळवणं मला अजिबात पटत नाही. ते श्वास घ्यायला वर येतात, आणि आपण नेमके त्याच वेळी त्यांच्या अंगावर जातो.

दहाएक मिनिटं नुसतं पाणी. मग डाव्या हाताला आवाज आला, फुस्स. कुकरची शिटी काढल्यावर उरलेली वाफ सुटते ना, तसा. आधी लांबट चोच वर आली, मग कपाळ, मग करडी पाठ कमानीसारखी वाकली, पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा लहानसा पर दिसला, आणि सगळं पुन्हा पाण्यात. परत फुस्स, परत कमान. कोकणकिनाऱ्याला दिसतात ते बहुतेक हेच, कुबड असलेले डॉल्फिन.

भाचीने विचारलं, "आजोबा, हे मासे असे वरखाली का पोहतात?"

तांडेल म्हणाले, "किनाऱ्यावर चल, दाखवतो."

होडी लागल्यावर त्यांनी सुक्या बोंबलाचा तुकडा घेतला, तिथल्या कुत्र्याला चुचकारलं आणि तुकडा ओल्या वाळूवर लांब फेकला. कुत्रं सुसाट सुटलं. "पायांकडे नको, पाठीकडे बघ," ते म्हणाले. आम्ही पाहिलं. पाठ वर वाकायची, चारही पाय पोटाखाली गोळा व्हायचे. मग पाठ सरळ ताणायची, आणि अंग पुढे झेपावायचं. वाकली, ताणली. वाकली, ताणली. तांडेलांनी पंजा आडवा धरला आणि कुत्र्याच्या पाठीच्या ठेक्यावर वरखाली हलवत नेला.

"मगाशी पाण्यात हेच पाहिलंस ना? ह्यो काय मासा नाय. ह्यो पाण्यात धावतो."

भाचीने तीन वेळा बोंबील फेकायला लावला. मग स्वतःच हातापायांवर वाळूत पळून पाहिलं.

जाता जाता सांगते, त्याच वाळूवर गाड्यांच्या चाकांचे चर होते. किनाऱ्यावर गाडी घालण्यात कसली मौज, मला कळत नाही. याच तालुक्याच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात.

तर, तांडेलांचं म्हणणं विज्ञानही मान्य करतं. डॉल्फिन सस्तन प्राणी आहे आणि त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा कुळातला एक नातलग, मांजराएवढा, चार पायांचा इंडोहायस, आपल्या जम्मू-काश्मीरच्या खडकांत सापडला आहे. पुढे मागचे पाय गेले, पुढच्यांचे वल्ह्यासारखे पर झाले. आजही त्या परांच्या आत बोटांची हाडं आहेत. वळायला, तोल सांभाळायला हे पर. पुढे ढकलणारी ती शेपटी, आणि शेपटीला चालवणारी पाठ. शेपटीच्या दोन्ही पंखांत हाड नाही, नुसते चिवट तंतू. फटका वर जातानाही पाणी मागे ढकलतो, खाली येतानाही.

1936 साली जेम्स ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की इतक्या वेगाने पाणी कापण्याएवढी ताकद डॉल्फिनच्या स्नायूंत असूच शकत नाही. मग कित्येक वर्षं त्याच्या गुळगुळीत कातडीत गुपित शोधलं गेलं. 2014 साली अमेरिकी संशोधकांनी शिकवलेल्या डॉल्फिनना बारीक बुडबुड्यांच्या पडद्यातून पोहायला लावलं. बुडबुडे कसे फेकले जातात यावरून शेपटीचा जोर मोजला. ताकद स्नायूंतच होती, भरपूर होती.

संध्याकाळी भाची वही घेऊन बसली. बाजूने काढलेल्या डॉल्फिनची शेपटी आडवी काही जमेना. चार वेळा खोडून शेवटी तिने तो वरून पाहिल्यासारखा काढला, दोन्ही पंख पसरलेला. खाली वाळू काढली, आणि वाळूत पाठ वाकवून पळणारं कुत्रं.

नमस्कार.